गोडाची तिथी: धाराशिव जिल्ह्यातील सण, उपवास आणि आहाराची मर्यादा

वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाने पेढा, भजी, फरसाण यांचे काय करावे, हा प्रश्न आज आहारतज्ज्ञाला विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा उष्मांकांत, म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेच्या मोजमापात, दिले जाते. धाराशिव जिल्ह्याच्या आहाराचा इतिहास पाहिला, तर चैनीचे अन्न रोजच्या अन्नात कोठे, केव्हा आणि किती बसवायचे याची एक व्यवस्था तेथे वजनकाट्याच्या कितीतरी आधीपासून होती, असे दिसते. त्या व्यवस्थेचा हेतू शरीर सडपातळ ठेवण्याचा नव्हता; ती धर्माने, शेतीने आणि बऱ्याच अंशी टंचाईने घडवलेली होती. तरीही तिने गोडाधोडाला चार मर्यादा घातल्या होत्या: ऋतूची, तिथीची, वाटपाची आणि श्रमाची. या मर्यादा कशा उभ्या राहिल्या, गेल्या शतकात त्या एकामागून एक कशा सैल झाल्या आणि आजच्या आहारयोजना त्यांपैकी नेमके काय पुन्हा उभारू पाहतात, याचा मागोवा येथे घेतला आहे.

ज्वारीचा मुलूख

बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर वसलेला हा जिल्हा मांजरा, तेरणा, सीना आणि बोरी या नद्यांच्या खोऱ्यांत विभागला गेला आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा हे त्याचे आठ तालुके. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; आजचा लातूर जिल्हा १९८२ मध्ये याच्यातूनच वेगळा काढण्यात आला आणि २०२३ मध्ये उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे जुने नाव अधिकृत झाले. पाऊस बेभरवशाचा, जमीन काही ठिकाणी काळी कसदार तर डोंगरपट्ट्यात मुरमाड, त्यामुळे येथील मुख्य अन्न म्हणजे रब्बीची ज्वारी. तिची भाकरी, तुरीचे वरण, हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे, रानातली पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि ताक, असे रोजचे जेवण पिढ्यानपिढ्या चालत आले.

या जेवणाचा एक गुण जुन्या वैद्यकाच्या नजरेतून सुटला नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोन्ही शरीरांचा विचार आला आहे आणि स्थूल माणसासाठी सुचवलेल्या अन्नात जव, मूग आणि कुलत्थ, म्हणजे मराठवाड्यात ज्याला हुलगा म्हणतात ते कडधान्य, यांना स्थान आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग घन अन्नाने आणि एक भाग द्रवाने भरावा व चौथा मोकळा ठेवावा, असा दंडक घालून दिला. शास्त्रकारांचा हा उपदेश प्रामुख्याने सुखवस्तू माणसासाठी होता. धाराशिवच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या ताटात हुलगा आला तो जमिनीमुळे आणि पोटाचा चौथा भाग मोकळा राहिला तो बहुधा धान्य पुरत नसल्यामुळे.

श्रीमंतांचे ताट या प्रदेशात वेगळे होते, याचा पुरावाही जवळच सापडतो. उमरग्यापासून फारशा दूर नसलेल्या कल्याण, म्हणजे आजच्या बसवकल्याण, येथे उत्तर चालुक्यांची राजधानी होती आणि तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला ग्रंथ राजाच्या भोगांचे वर्णन करताना अन्नभोगाला स्वतंत्र जागा देतो. त्यात पोळ्या, मांडे, वडे आणि दुधाचे गोड पदार्थ तपशिलाने सांगितले आहेत. राजाला जे पदार्थ कोणत्याही दिवशी मिळू शकत होते, त्यांच्यापैकी पोळी आणि वडा रयतेच्या घरी सणाच्या दिवशीच पोचत असत. राजवाडा आणि झोपडी यांच्यातला हा फरक पदार्थांचा कमी आणि दिवसांचा अधिक होता; पुढील इतिहास समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

ऋतू आणि वाटप: येळवस व हुरडा

धाराशिव आणि लातूर या जोडजिल्ह्यांचा स्वतःचा म्हणावा असा सण म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, जिला लोक येळवस म्हणतात. डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी, ज्वारी पोटरीला येत असताना, शेतात कडब्याची कोप उभारतात, तीत पांडव म्हणून दगड मांडून लक्ष्मीसह त्यांची पूजा करतात आणि सारे गाव रानात जेवते. या जेवणातील मुख्य पदार्थ भज्जी. हे तळलेले भजे नव्हे. ओली तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, शेंगदाणे आणि हंगामातल्या पालेभाज्या चिंचेच्या आंबटपणात एकत्र शिजवून, बेसन लावून केलेली ती दाट भाजी असते. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील, खिचडा आणि गव्हाची खीर असते. मातीच्या मडक्यातली आंबील प्रथम पिकाभोवती शिंपडली जाते आणि मग माणसे पितात. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेल्याने जेवायला बोलवावे, हा या दिवसाचा संकेत आहे.

या एका जेवणात चारही मर्यादा एकत्र दिसतात. ओल्या शेंगा त्या हंगामातच मिळतात, म्हणून ऋतू ठरलेला. ही अमावस्या वर्षातून एकदाच येते, म्हणून तिथी ठरलेली. अन्न कोपीत आल्यागेल्या सर्वांना वाटले जाते, म्हणून एकाच्या वाट्याला मोजकेच. आणि ते खाणारा माणूस त्याच रानात वर्षभर राबलेला. गोड म्हणून आलेली खीर त्या ताटात एकटी नसते, ती कडधान्यांच्या आणि पालेभाजीच्या सोबतीने येते. भरपेट जेवणाचा दिवस असूनही येळवस आहाराच्या दृष्टीने समतोल ठरते ती या रचनेमुळे.

पौष-माघातला हुरडा हे याच ऋतूचे दुसरे रूप. कोवळी ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजून, तळहातावर चोळून काढलेले ते गरम दाणे शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर आणि गुळाच्या खड्याबरोबर खातात. गूळभेंडीसारखे वाण खास हुरड्यासाठी पेरले जात. चोळून काढण्याचे श्रम आणि आगटीभोवतीची माणसे यांमुळे खाण्याची गती आपोआप मंद राहते आणि दाणे कडक होऊ लागले की हंगामच संपतो. आता हुरडा पार्टी हा कृषी पर्यटनाचा भाग झाला आहे आणि तेथे भजी, जिलेबीसह भरगच्च जेवण दिले जाते. ऋतू टिकला, मर्यादा मात्र टिकली नाही.

उपवासाचे शास्त्र आणि त्याचे स्थानिक आचार

तिथीची मर्यादा अधिक पक्की केली ती व्रतांनी. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख, हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाच्या व्रतखंडात वर्षभराच्या शेकडो व्रतांचे विधी संकलित झाले आणि भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी विसाव्या शतकात धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांची चिकित्सा केली. व्रतांच्या या शास्त्रात अन्नत्यागाच्या पायऱ्या केलेल्या आहेत: एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवणे, नक्त म्हणजे दिवसभर न खाता रात्री जेवणे, अयाचित म्हणजे न मागता मिळेल तेवढेच खाणे आणि उपवास म्हणजे अन्न पूर्ण वर्ज्य करणे. खाण्याची वेळ मर्यादित करणे आणि खाण्याचे प्रमाण मर्यादित करणे हे दोन वेगळे उपाय आहेत, ही जाण या वर्गीकरणात स्पष्ट आहे.

तुळजापूरच्या भवानीच्या शारदीय नवरात्राने या पायऱ्या जिल्ह्याच्या घराघरांत पोचवल्या. घटस्थापनेपासून नऊ दिवस कोणी निरंकार उपवास करतात, कोणी फक्त फळांवर राहतात, कोणी उठता-बसता उपवास धरतात, म्हणजे घट बसण्याच्या आणि उठण्याच्या दिवसांपुरता तो पाळतात. भक्त पाच घरी जोगवा मागतात आणि त्या धान्याचा नैवेद्य करतात. मागून आणलेल्या मूठमूठ धान्याचा हा विधी अयाचित व्रताहून वेगळा असला, तरी मिळेल तेवढ्यावर भागवण्याची भावना दोन्हींत आहे. उपवास सुटल्यावर पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि महानवमीला अजाबलीचा विधी झाल्यानंतर मांसाहारी कुळांत सामिष जेवणही होते. त्यागाचे नऊ दिवस आणि भोगाचा एक दिवस असे हे प्रमाण आहे. तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव याच जिल्ह्यात असल्याने वारकऱ्यांची पंधरवड्याची एकादशी आणि द्वादशीचे पारणे हेही येथे खोलवर रुजले. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शम्सुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. मुस्लिम घरांत रमजानचे रोजे सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत पाळले जातात आणि महिन्याच्या शेवटी ईदचा शिरखुर्मा शेजारपाजारी वाटला जातो.

त्यागाची सर्वांत सूक्ष्म मांडणी मात्र भूम तालुक्यातील कुंथलगिरी येथे भेटते. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान मानले जाणारे हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे आणि १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर यांनी येथेच सल्लेखना, म्हणजे क्रमाक्रमाने अन्नपाणी सोडून देहत्याग करण्याचे अंतिम व्रत, पूर्ण केले. सल्लेखना ही मृत्यूसमयीची साधना असल्याने तिचा आरोग्याच्या आहाराशी संबंध जोडणे गैर ठरेल. परंतु गृहस्थ आणि साधू यांच्या नित्य आचरणासाठी जैन परंपरेने सांगितलेल्या बाह्य तपांपैकी तीन प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहेत. अनशन म्हणजे ठरावीक काळ अन्न न घेणे, अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा काही घास कमी जेवणे आणि रसपरित्याग म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड पदार्थ आणि मीठ या सहा रसांपैकी एक किंवा अधिक काही काळ सोडणे. आवडता पदार्थ कायमचा वर्ज्य करण्याऐवजी त्याचा मुदतीचा त्याग करणे आणि पोट भरण्याच्या अलीकडे थांबणे, या दोन्ही कल्पना आजच्या आहारशास्त्रालाही मान्य होण्यासारख्या आहेत.

खव्याची भट्टी

रसपरित्यागाचा उपदेश ज्या डोंगरावर होतो, त्याच कुंथलगिरीचे नाव महाराष्ट्राच्या मिठाईच्या बाजारात खव्यामुळे आणि पेढ्यामुळे गाजले. हे आकस्मिक नाही. भूम, वाशी आणि परंडा या तालुक्यांच्या डोंगराळ भागात शेतीचे उत्पन्न कमी, पण चराऊ रान उपलब्ध असल्याने म्हशी पाळणे हा शेतकऱ्याचा जोडधंदा झाला. मात्र दूध थंड ठेवण्याची आणि शहरात लवकर पोचवण्याची सोय नसल्याने ते नासण्यापूर्वी आटवणे हाच टिकवण्याचा मार्ग होता. गावातली खवाभट्टी सकाळ-संध्याकाळ शेतकऱ्यांचे दूध घेई, पसरट लोखंडी कढईत तीव्र आचेवर ते उकळत ठेवी आणि भट्टीवाला ते तळाला लागू नये म्हणून लांब दांड्याच्या उलथन्याने सतत खरवडत, ढवळत राही. पाणी उडून गोळा कढईची कड सोडू लागला की खवा तयार झाला असे मानत. म्हशीच्या पाच लिटर दुधातून सुमारे एक किलो खवा निघतो. हा माल कुंथलगिरीच्या यात्रेकरूंना विकला जाई आणि मोठ्या रस्त्यांनी दूरच्या शहरांतील मिठाईवाल्यांकडे जाई. २०२४ मध्ये कुंथलगिरी खव्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळाली; त्याच सुमारास तुळजापूरच्या कवडीच्या माळेलाही ते मिळाले.

खव्याकडे आहाराच्या नजरेने पाहताना त्याच्या निर्मितीची ही रीत उपयोगी पडते. एक किलो खव्यात पाच लिटर दुधाची स्निग्धता, प्रथिने आणि दुग्धशर्करा एकवटलेली असतात, म्हणून १०० ग्रॅम खव्यात सुमारे ४०० उष्मांक भरतात. त्यात साखर घालून वळलेला वीस-पंचवीस ग्रॅमचा एक पेढा ८० ते १०० उष्मांकांचा होतो, म्हणजे साधारण एका लहान भाकरीइतका. प्रसाद म्हणून हातावर पडलेला एक पेढा कोणत्याही आहारात सहज बसतो. प्रवासात उघडलेला पाव किलोचा पुडा मात्र सुमारे हजार उष्मांकांचा असतो आणि तो एका माणसाच्या अर्ध्या दिवसाच्या गरजेएवढा होतो. खवा तयार करणाऱ्या घरांत दूध विकण्यासाठी होते, खाण्यासाठी फारसे उरत नव्हते. उत्पादकाच्या घरी पेढा दुर्मीळ आणि ग्राहकाच्या घरी तो सुलभ, अशी ही बाजाराची रचना होती.

दुष्काळ: गोड जेव्हा जगण्याचे अन्न झाले

या जिल्ह्याच्या आहाराचा कोणताही इतिहास दुष्काळाला वगळून लिहिता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला, पाझर तलाव आणि रस्ते बांधायला गेले, परदेशातून आलेला मिलो हा लाल ज्वारीचा प्रकार खाऊन राहिले आणि कामावर त्यांना सुकडी वाटली गेली. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठात गोड घालून केलेले, न शिजवता खाता येणारे पौष्टिक अन्न. याच काळातील कामांतून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. त्या पिढीसाठी सुकडीतला गोडवा हा चैनीचा भाग नव्हता. दिवसभर घण मारणाऱ्या शरीराला तातडीने ऊर्जा देणारे ते अन्न होते.

या आठवणीचा परिणाम पुढच्या खाण्यावर झाला, हे समजण्यासारखे आहे. ज्यांनी मिलो खाल्ला त्यांनी आपल्या मुलांच्या ताटात गहू, भात, साखर आणि तेल येणे ही उन्नतीची खूण मानली. लेकराला पोटभर आणि गोड खाऊ घालणे हे मायेचे कर्तव्य ठरले. त्यामुळे या भागात एखाद्याला कमी खाण्याचा सल्ला देताना त्याच्या घराने सोसलेल्या उपासमारीचा मान राखावा लागतो. जुन्या मर्यादांचे कौतुक करतानाही हे विसरता येत नाही की त्यांपैकी पुष्कळ मर्यादा गरिबीने लादलेल्या होत्या आणि त्यांचा भार घरातील बायकांवर सर्वाधिक होता, कारण सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाणे हीच त्यांची रीत होती.

सैल झालेल्या मर्यादा

मर्यादा सैल होण्याची सुरुवात वाहतुकीपासून झाली. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद रुळांची गाडी १९११ पर्यंत येडशी, ढोकी या मार्गाने लातूरपर्यंत पोचली आणि बाजाराच्या मालाला वाट मिळाली. स्वातंत्र्यानंतर एसटीचे जाळे पसरले, स्थानकाबाहेर चहा आणि भज्यांची हॉटेले उभी राहिली आणि तळलेले अन्न प्रथमच तिथीपासून सुटले, कारण हॉटेलातली कढई कोणत्या सणाची वाट पाहत नव्हती. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि पुढे कळंब तालुक्यातील रांजणीचा नॅचरल शुगर यांसारख्या कारखान्यांमुळे ऊस हे जिल्ह्याचे पीक झाले. जी साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळत असे, ती कोणत्याही दुकानात हवी तेवढी मिळू लागली. दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा पिणारा माणूस आपण गोड खातो असे मानत नाही, पण प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तरी ती दिवसाकाठी ४० ते ५० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवण्याची आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या, आत आणण्याची शिफारस केली आहे.

दुसरा बदल उपवासाच्या पोटातच घडला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, तसेच बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही सारी पिके मुळात अमेरिका खंडातली असून ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात आली. धान्य वर्ज्य असलेल्या दिवशी धान्य नसलेले हे पदार्थ चालू शकतात, या तर्काने त्यांना उपवासात प्रवेश मिळाला आणि विसाव्या शतकात तमिळनाडूतील सेलमच्या कारखान्यांमुळे साबुदाणा स्वस्त व मुबलक झाला. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक, त्यात पडणाऱ्या ३० ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटात १७० आणि एका मोठ्या चमचाभर तुपात सव्वाशेच्या आसपास, असा हिशेब केला तर खिचडीची एक भरलेली थाळी साडेसहाशेच्या घरात जाते. ज्वारीच्या दोन भाकरी आणि पालेभाजी यांच्या जेवणापेक्षा ती जड आहे आणि साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसल्याने पोट लवकर रिकामे वाटते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी अनुभवातूनच घडवली.

हीच खिचडी कोजागरी पौर्णिमेला तुळजापूरला चालत जाणाऱ्या यात्रेकरूच्या हाती मात्र योग्य ठरते. सोलापूरहून तुळजापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर चालत येणाऱ्या ७० किलो वजनाच्या भक्ताचे शरीर त्या वाटेवर दोन हजारांहून अधिक उष्मांक खर्च करते आणि रस्त्याकडेला अन्नदान करणारे त्याच्या हातावर ठेवतात ते केळे, दूध किंवा खिचडी त्या खर्चाची भरपाई करते. त्याच श्रद्धेने तोच पदार्थ खुर्चीवर बसून काम करणाऱ्याने खाल्ला, तर भरपाई करण्यासारखा खर्चच झालेला नसतो. पदार्थ तोच राहिला आणि श्रम वजा झाले, एवढ्यावरून साऱ्या बदलाचे आकलन होते. पाकिटातील वेफर, बिस्किटे आणि शीतपेये यांनी उरलेली वाटपाची मर्यादाही मोडली, कारण पाकीट एकट्याने उघडण्यासाठी आणि एकट्याने संपवण्यासाठीच बांधलेले असते.

नव्या आहारयोजना आणि जुने प्रश्न

युरोप-अमेरिकेत वजन घटवण्याच्या आधुनिक पद्धतींचा आरंभ साधारण १८६३ मध्ये विल्यम बँटिंग या लंडनच्या व्यावसायिकाच्या पुस्तिकेपासून धरतात. त्याने पाव, साखर, बटाटा आणि बिअर सोडून वजन कमी केले होते. विल्बर अ‍ॅटवॉटर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नातील ऊर्जा मोजली, १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्या पुस्तकाने उष्मांक मोजण्याची सवय घरोघरी नेली आणि १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘वेट वॉचर्स’ या संस्थेने पुढे प्रत्येक पदार्थाला गुण देऊन ठरलेल्या गुणांच्या आत गोड पदार्थही बसवण्याची मुभा दिली. पूर्ण बंदीकडून मोजक्या परवानगीकडे असा हा प्रवास आहे, कारण कायमची बंदी फार थोड्यांना पाळता येते, हे अनुभवाने सिद्ध झाले होते.

मराठी समाजात असा प्रयत्न नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आणि त्यांच्या २००४ मधील निधनानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रचारातून पुढे आला. डॉ. दीक्षित हे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, म्हणजे या मोहिमेची जडणघडण एकेकाळच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्याच भूमीत झाली. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोनच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, अधूनमधून काहीही खाऊ नये आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, हा त्यांचा सल्ला. मधुमेह नसलेल्या माणसाला गोड खायचेच असेल, तर ते या दोन जेवणांतच आणि कमीत कमी खाण्यास जागा ठेवलेली आहे. इन्सुलिनवर आधारलेल्या त्यांच्या स्पष्टीकरणाशी सगळे आहारतज्ज्ञ सहमत नाहीत. मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या तज्ज्ञ थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक आणि हंगामी अन्न, तुपासह, खाण्याचा पुरस्कार करतात. या वादात न शिरताही हे दिसते की दीक्षितांच्या योजनेत एकभुक्त-नक्ताची वेळेची मर्यादा आणि चालण्याच्या रूपाने श्रमाची मर्यादा आहे, तर दिवेकरांच्या मांडणीत ऋतूची मर्यादा आहे. दोन्ही बाजू जुन्या चौकटीतले काही खांब उचलतात.

या चौकटीचे आजच्या कामाचे मोल येथे आहे. भारतीयांसाठी उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा मानला जातो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी या मर्यादा अनुक्रमे ५९ आणि ६४ किलोच्या आसपास येतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील जवळपास चौथा हिस्सा प्रौढ स्त्री-पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. अशा वेळी धाराशिवच्या माणसाला परक्या आहारतक्त्याची गरज नाही. रोजचा पाया ज्वारी, कडधान्य, पालेभाजी आणि ताकाचा ठेवावा. पेढा, पुरणपोळी, भजी यांना तिथी आणि प्रसंग ठरवून द्यावा. ते चौघांत वाटून, जेवणाचाच एक भाग म्हणून खावेत. चहातली साखर मोजावी. उपवासाच्या दिवशी खिचडीची थाळी भरण्याऐवजी फळे आणि ताक यांवर राहावे. आणि सणाच्या आधी किंवा नंतर चार घास कमी जेवण्याचा अवमौदर्याचा नियम पाळावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनदा मातांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही उपवास धरू नये.

जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही, कारण तिच्यात उपासमार होती आणि घरातल्या बाईच्या वाट्याला उरलेसुरले येत होते. घ्यायचा आहे तो तिच्यातील विवेक: गोड निषिद्ध नसते, ते बेतिथीचे झाले की अपाय करते. दारिद्र्याने लादलेली मर्यादा गेली हे चांगलेच झाले. तिच्या जागी समजून उमजून स्वीकारलेली मर्यादा प्रत्येक घराने उभारावी आणि ती उभारताना घरातल्या बाईचे ताट सर्वांबरोबर वाढले जाईल, हेही पाहावे.